घर दोन ठिकाणी, मोजणी एके ठिकाणी

२००१ ते २०११ या दहा वर्षांत कोकणची लोकसंख्या किती वाढली? सरकारी हिशेबातल्या कोकण विभागाचे तेव्हाचे सहा जिल्हे एकत्र धरले, तर उत्तर अगदी बेताचे येते. २००१ मध्ये २ कोटी ४८ लाख ८३ हजार माणसे होती, २०११ मध्ये ती २ कोटी ८६ लाख झाली. म्हणजे जवळपास १५ टक्के वाढ. त्याच दशकात अख्खा महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. बेरीज पाहून कोणी म्हणेल, कोकण चार जिल्ह्यांसारखेच चालले आहे, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

आता हीच बेरीज जिल्हावार फोडून पाहू.

ठाणे (आजच्या पालघरसह): ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८, ३६ टक्के वाढ
रायगड: २२,०७,९२९ वरून २६,३४,२००, १९.३ टक्के वाढ
मुंबई उपनगर: ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२, ८.३ टक्के वाढ
सिंधुदुर्ग: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१; २.२ टक्के घट
रत्नागिरी: १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, ४.८ टक्के घट
मुंबई शहर: ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११, ७.६ टक्के घट

विभागात वाढलेल्या दर शंभर माणसांपैकी ७९ एकट्या ठाणे जिल्ह्यात वाढली. २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला, आणि त्याच किनाऱ्यावरचे तीन जिल्हे आकसले. सरासरी नावाची गोष्ट किती झाकून ठेवू शकते, याचा याहून चांगला नमुना महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. झाई-बोर्डीपासून रेडीपर्यंतच्या सातशेवीस किलोमीटरच्या या पट्ट्यात माणसे कुठे दाटली आणि कुठे विरळ झाली, हे पाहायचे तर आधी इथली माणसे घर कसे चालवतात ते पाहावे लागते.

एका घराचे दोन पाय

कोकणातून मुंबईला जाणे हे काही या दशकातले नाही. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये उभी राहू लागली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लालबाग-परळचे गिरणगाव झाले. तिथल्या साच्यांवर उभी राहणारी माणसे सर्वांत जास्त आली ती रत्नागिरी जिल्ह्यातून. आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. कारणे सगळ्यांना पाठ आहेत. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, पण जांभ्यात मुरून किंवा वहाळाने समुद्राला जाऊन मे महिन्यात विहिरीचा तळ दिसणारा. भात एकदाच. जमिनीचे तुकडे लहान, आणि त्यांच्यावर खोताचा हक्क. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्षात कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. तोवर दोन-तीन पिढ्यांनी बोटीचा रस्ता धरला होता. वेंगुर्ले, मालवण, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरे घेत बोट मुंबईला लागायची, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गेलेला माणूस गेलेलाच.

पण जायचा तो एकटा पुरुष. बायको, पोरे, म्हातारी माणसे, गुरे, देव आणि भातखाचरे गावी. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या असत. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गाववाले, प्रत्येकाची एक ट्रंक, दोरीवर वळकट्या, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे झोपायलाही पाळी. जेवण खानावळीत. महिन्याला मनीऑर्डर. गणपतीला आणि शिमग्याला रजा. चाकरमान्याचे घर म्हणजे हे सगळे: एक पाय परळला, एक पाय राजापूरला.

या व्यवस्थेचा एक उपयोग अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचित लिहिलेला असतो. मुंबईत काही बिनसले की माणूस गावी येऊन तग धरू शकत असे. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा गिरण्या ओस पडल्या आणि माणसे कोकणात परतली. १९२८ चा संप सहा महिने टिकला, त्यात गावाकडच्या तांदळाचा वाटा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला, तेव्हाही हजारो जणांनी पहिल्या काही महिन्यांत गावची वाट धरली. गावी चूल पेटती ठेवणारी बाई होती, म्हणून मुंबईत संप करणारा पुरुष होता.

आकडेवारीत या घराची खूण म्हणजे स्त्री-पुरुष प्रमाण. १९९१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १२०५ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात ११३७. देशभर हजाराच्या आत असलेला हा आकडा इथे हजाराच्या कितीतरी पुढे, कारण कर्ता पुरुष मोजणीच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यात असायचा. लोकसंख्या मात्र घटत नव्हती. १९९१ ते २००१ या दशकात रत्नागिरी जिल्हा जवळपास १० टक्के वाढला. पुरुष बाहेर, पण संसार गावात. मुले गावात जन्मत होती, गावच्या शाळेत जात होती, आणि मिसरूड फुटल्यावर त्यांच्यातला मुलगा बोट, नंतर एसटी, नंतर रेल्वे पकडत होता.

मग शंभर-सव्वाशे वर्षे माणसे पाठवूनही २००१ पर्यंत वाढत असलेला जिल्हा त्यानंतर का घटला?

घटले कोण?

उत्तर जनगणनेच्या दोन रकान्यांत आहे. सिंधुदुर्गात २००१ मध्ये ४,१७,८९० पुरुष होते, २०११ मध्ये ४,१७,३३२. फरक ५५८. स्त्रिया होत्या ४,५०,९३५, त्या झाल्या ४,३२,३१९. फरक १८,६१६. जिल्ह्यात कमी झालेल्या १९,१७४ माणसांपैकी पुरुष सहाशेसुद्धा नाहीत. बाकी सगळ्या बाया. रत्नागिरीत पुरुष ३३,३७७ ने कमी झाले, स्त्रिया ४८,३३१ ने.

पुरुषांचा आकडा स्थिर दिसतो म्हणजे पुरुष जायचे थांबले असे नाही. तरुण गेले, निवृत्त झालेले परत आले, आणि बाहेरून काही नवे आले. त्यांची गोष्ट पुढे येईल. स्त्रियांच्या बाबतीत अशी भरपाई झाली नाही. त्यामुळे रत्नागिरीचे प्रमाण २००१ मधल्या ११३६ वरून २०११ मध्ये ११२२ वर आले. सिंधुदुर्गाचे १०७९ वरून १०३६ वर. एरवी स्त्रियांचे प्रमाण घसरले की आपल्या मनात पहिल्यांदा सोनोग्राफी सेंटर येते. इथे सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून वरच होते. इथल्या घसरणीचे मुख्य कारण दुसरे आहे: बायका गाडीत बसल्या.

त्या उतरल्या कुठे, तेही त्याच जनगणनेत दिसते. ठाणे जिल्ह्यातले स्त्रियांचे प्रमाण ८५८ वरून ८८६ झाले, मुंबई उपनगरात ८२२ वरून ८६०, मुंबई शहरात ७७७ वरून ८३२. अर्थात ठाण्याची २९ लाखांची वाढ कोकणातल्या माणसांनी झालेली नाही. घाटावरून, खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले, आणि खुद्द मुंबई शहरातून बाहेर पडलेले, असे सगळे त्यात आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतून मिळून एक लाख माणूस कमी झाले. ठाण्याच्या पसाऱ्यात ते दिसतही नाही. ज्या जिल्ह्यांतून ते गेले तिथे मात्र दिसते.

पूर्वी घरातला माणूस जात होता, आता घर जाऊ लागले, हा या दशकातला बदल. त्याला तीन गोष्टी कारण झाल्या. गिरण्या संपल्यावर खोली आणि खानावळ यांच्या आधाराने एकट्या पुरुषाने राहण्याची सोय संपली. नव्या नोकऱ्या खासगी, कंत्राटी, शहरभर विखुरलेल्या, आणि घर चालवायला दोघांचे पगार लागणाऱ्या. दुसरे, लोकलच्या टोकाला, नालासोपारा-विरारला, दिवा-डोंबिवलीला, बदलापूरला, कर्ज काढून का होईना एक खोली-स्वयंपाकघर परवडू लागले. तिसरे शिक्षण. मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचे तर वाडीवर राहून चालत नाही, असे आईनेच ठरवले. २०११ मध्ये सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर होती. शिकलेली सून भातलावणीला थांबेल, अशी अपेक्षा तिच्या सासूनेही सोडून दिली होती.

आणि तरुण जोडपे गेले की जिल्ह्याच्या खात्यातून दोन पिढ्या वजा होतात. त्यांची मुले कळव्यात किंवा विरारला जन्मतात. जन्म आधीच कमी, त्यात जन्म देणारे वय बाहेर. मागे राहतात साठीच्या पुढची माणसे. वयस्कांचा वाटा या दोन जिल्ह्यांत राज्याच्या सरासरीपेक्षा बराच जास्त आहे, त्यामागे चांगले आयुर्मान आहे तसेच हे रिकामे झालेले मधले वयही आहे.

चाळीस उंबऱ्यांची वाडी

टक्केवारीत ४.८ हा आकडा फार वाटत नाही. वाडीच्या मापात तो निराळा दिसतो. संगमेश्वर किंवा लांज्याकडची चाळीस उंबऱ्यांची एखादी वाडी घ्या. पंधरा घरांना कुलूप, त्यांच्या किल्ल्या शेजारच्या घरात खुंटीला. दहा घरांत एकटी म्हातारी किंवा दोघे म्हातारा-म्हातारी. उरलेल्या घरांत मिळून शाळेत जाणारी मुले सात-आठ. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शाळा राहणार की शेजारच्या गावात जाणार, याची चर्चा सुरू होते. आणि शाळा गेली की त्या सात-आठांच्या आयाही विचार करू लागतात. रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची एसटी प्रवासी नाहीत म्हणून बंद होते, मग सकाळी तालुक्याच्या कॉलेजला जाणारी मुलगी तालुक्यालाच खोली घेते. नळपाणी योजनेची पट्टी चाळीस घरांऐवजी पंचवीस घरांवर पडते. आजारी माणसाला पाखाडीवरून खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत न्यायला चार दणकट माणसे लागतात. ती गोळा करण्यासाठी वरच्या वाडीला फोन जातो.

शेतीचेही तसेच. लावणी हे एकमेकांच्या खाचरांत आळीपाळीने राबण्याचे काम. आठ घरांनी हात काढून घेतला की उरलेल्या चार घरांना आपलीही खाचरे ओस टाकावी लागतात. ओस खाचरांत रान चढते, रानात डुकरे येतात, वानर परसातल्या पडवळापर्यंत पोचतात, आणि ज्याला शेती करायची आहे त्याचेही पीक हाताला लागत नाही. जमीन विकून मोकळे होणेही सोपे नाही. सातबारा सामाईक, त्यावर पन्नास नावे, त्यांतली अर्धी मुंबईत, काही हयात नाहीत. खोताच्या काळात जमीन हातात नव्हती म्हणून माणूस गेला. आज ती सगळ्यांच्या हातात असल्यामुळे कोणाच्याच उपयोगाची नाही.

१९९० पासून रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. तिने वरकस जमिनीवर आंबा आणि काजू उभे केले. ही गोष्ट चांगलीच झाली, पण बागायतीला कायम राबणारे कुटुंब लागत नाही, हंगामी हात लागतात. ते हात आता नेपाळमधून येतात. रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळी माणसे आहेत. मच्छीमार बोटींवर नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी. चिरेखाणींवर विजापूरकडचे मजूर. वर पुरुषांच्या आकड्यातली भरपाई म्हटले, तिच्यातला एक भाग हा. ज्या जिल्ह्यातून कामाच्या शोधात माणूस मुंबईला जातो, त्याच जिल्ह्यात कामाच्या शोधात हजार-दीड हजार किलोमीटरवरून माणूस येतो. काम दोघांनाही हवे आहे, फक्त कोणत्या मजुरीला, कोणत्या मानाला आणि किती वर्षांसाठी, याची उत्तरे दोघांची वेगळी.

मुंबईही रिकामी होते

या हिशेबातली सर्वांत मोठी घट कोकणच्या कोणत्याही खेड्यातली नाही, ती मुंबई शहर जिल्ह्यातली आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या या बेटावर १९७१ मध्ये ३० लाख ७० हजार माणसे होती; चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, ३० लाख ८५ हजार. त्याच चाळीस वर्षांत उपनगरे २९ लाखांवरून साडेत्र्याण्णव लाखांवर गेली. बेट चाळीस वर्षे जागच्या जागी, आणि शेवटच्या दशकात अडीच लाखांनी उणे.

इथेही कारण घराचे स्वरूप बदलणे हेच. गिरण्यांच्या जमिनी खुल्या झाल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, जिथे एका मजल्यावर वीस खोल्यांत शंभर माणसे राहत होती तिथे दोन फ्लॅटांत आठ राहू लागली. राहत्या इमारती कचेऱ्या झाल्या. चाळीतल्या खोलीचे पैसे घेऊन दोन भावांनी एक डोंबिवलीला आणि एक विरारला घर केले. गिरणगाव घटले आणि संगमेश्वर घटले, या दोन वेगळ्या बातम्या वाटतात. कित्येक कुटुंबांत त्या एकाच घराच्या आहेत. परळची खोली आणि गावचे घर, दोन्ही सोडून ते घर ठाणे जिल्ह्यात एकवटले. करोनानंतर दादर–रत्नागिरी पॅसेंजर दिव्याहून सुटू लागली. त्यावर प्रवाशांनी तक्रारी केल्या, आणि त्या रास्तही होत्या. पण गाडीतले किती जण आता दादरच्या आसपास राहतात, हाही प्रश्न होताच.

रायगड या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे आणि तो मधोमध चिरला गेला आहे. सिडकोची स्थापना १९७० ची; खाडीपलीकडे नवे शहर वसवून मुंबईचा भार हलका करायचा, हा तिचा हेतू. त्याच्या ओढीने पनवेल तालुका २०११ पर्यंत साडेसात लाखांवर गेला आणि २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन इथे रत्नागिरीचीच गोष्ट चालू आहे. म्हसळा-श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या मुसलमान वस्त्यांत मनीऑर्डर मुंबईहून येत नाही, पैसे कुवेत-दुबईहून येतात. घरे मोठी आणि नवी, रंग ताजा, आणि कुलूप तेवढेच भक्कम.

उत्तरेला, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघरमध्ये, हीच फूट रेल्वेच्या रुळांनी पाडली आहे. रुळांलगत २०११ मध्येच बारा लाखांचे झालेले वसई-विरार शहर, डोंगरात जव्हार-मोखाडा. तिथली आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. पोरेबाळे बरोबर घेऊन अख्खे कुटुंबच जाते, पण अर्ध्या वर्षापुरते. रत्नागिरीचा चाकरमानी पगार वाढवत वाढवत स्थिरावला; भट्टीवरचा मजूर आगाऊ घेतलेली उचल फेडत फिरत राहतो. जाणे दोघांचेही आहे, म्हणून दोघांना एका शब्दात बसवले की दुसऱ्याचे हाल पहिल्याच्या प्रगतीत झाकले जातात.

फेब्रुवारीत मोजलेले गाव

२०११ ची माणसांची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. जो माणूस या सगळ्या काळात घराबाहेर, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे. त्या वर्षी होळी आली १९ मार्चला. म्हणजे मोजणी संपली आणि तीन आठवड्यांत पालख्या नाचवायला चाकरमानी गावी हजर. वीटभट्टीवरचे कुटुंब मोजणीच्या वेळी भट्टीवर. कोकणातले गाव मोजायचे, तर फेब्रुवारीइतका रिता महिना दुसरा नाही. तीच मोजणी गणपतीत झाली असती तर ठाणे आणि रत्नागिरी यांचे आकडे निराळे दिसले असते. जनगणनेची पद्धत चुकीची आहे असे नाही. देशभर एकच तारीख लागते, आणि मुक्काम कुठे हे कुठेतरी ठरवावेच लागते. पण दोन ठिकाणी राहणाऱ्या घराला ती एकाच ठिकाणी धरते, आणि पुढची सगळी वाटणी त्यावर ठरते.

वाटणी म्हणजे काय, हे कोकणाने २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत पाहिले. आधार होता २००१ च्या जनगणनेचा. रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा ७ वरून ५ झाल्या, सिंधुदुर्गाच्या ४ वरून ३, मुंबई शहराच्या १७ वरून १०. ठाण्याच्या १३ वरून २४ झाल्या. नाथ पै आणि मधू दंडवते यांनी लोकसभेत ज्याचे प्रतिनिधित्व केले, तो राजापूर मतदारसंघ नकाशावरून गेला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एकच उरला. कोकण रेल्वेसाठी ज्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला, त्यांत दंडवते आघाडीवर होते. ती रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिच्यामुळे गावी येणे सोपे झाले आणि कुटुंबासह जाणेही.

माणसे घटण्याचे हे दुखणे कोकणापुरते नाही. २०११ च्या जनगणनेत केरळचा पत्तनमथिट्टा जिल्हा सुमारे ३ टक्क्यांनी घटला, उत्तराखंडातले अल्मोडा आणि पौडी गढवालही घटले. तिन्हीकडे शिकलेली माणसे, बाहेरून येणारा पैसा, आणि आधी पुरुषांनी, मग कुटुंबांनी धरलेली वाट. कोकणचे वेगळेपण एवढेच की इथे जाण्याचे ठिकाण त्याच किनाऱ्यावर, एका रात्रीच्या प्रवासावर आहे. म्हणून तुटलेपण पूर्ण होत नाही, आणि म्हणूनच ते लवकर ध्यानातही येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी पुन्हा गावी आले. पण १९८२ आणि २०२० यांत फरक होता. १९८२ मध्ये माणूस नांदत्या घरी परतला. २०२० मध्ये पुष्कळांना आधी कुलूप उघडून, केर काढून, नळजोडणी चालू आहे का ते पाहावे लागले. संकटात तग धरण्याची जी सोय शंभर वर्षे घरातल्या बाईने सांभाळली होती, ती तिच्याबरोबरच गेली.

करोनामुळे २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा ठरवण्यात आला. तिचे आकडे येतील तेव्हा ठळक मथळा पुन्हा एकाच आकड्याचा होईल: अमुक जिल्हा इतका घटला. तो वाचून झाल्यावर आणखी तीन रकाने पाहावेत. पहिला स्त्री-पुरुष प्रमाणाचा. रत्नागिरीत ते हजाराकडे आणखी सरकले असेल, तर दोन ठिकाणी नांदणारे घर मोडण्याची क्रिया पुढे गेली असे समजावे. दुसरा सहा वर्षांखालच्या मुलांचा, कारण उद्या शाळा, दवाखाना आणि एसटी कुठे टिकणार हे त्यावरून ठरेल. आणि तिसरा घरयादीतल्या बंद घरांचा. जिल्हा नियोजनात आज या घरांना जागाच नाही: त्यांचे मालक मतदार दिव्याचे, करदाते गावचे, आणि सामाईक सातबाऱ्याचे वारस दोन्हीकडचे. कोकण रिकामे झाले म्हणून हळहळण्यापेक्षा या लोकांना गावच्या कारभारात कसे धरायचे, वाटणीचे खटले कसे सोडवायचे आणि मागे राहिलेल्या साठीपुढच्या माणसांपर्यंत डॉक्टर कसा पोचवायचा, हे प्रश्न हाती घेण्याजोगे आहेत. माणसे परत येतील की नाही, हे त्यांचे तेच ठरवतील; आली तर त्यांना गाव चालू स्थितीत मिळायला हवे, एवढे मात्र आपल्या हातात आहे.